गिरणीचे फाटक आणि ‘गोदान’

प्रेमचंदांची ‘गोदान’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती होरीची कादंबरी म्हणूनच ओळखली जाते. आपल्या व्यासपीठांवरूनही तिचा उल्लेख होतो तो बहुधा होरीच्या गाईसाठी, त्याच्या कर्जासाठी व त्याच्या मरणासाठी. इंदूरसारख्या शहरात, जिथे आपली मंडळी मराठीत प्रार्थना करतात आणि हिंदीत पोट भरतात, तिथे हे पुस्तक परके नाही. तथापि त्याच्या उत्तरार्धात एक साखर कारखाना आहे, त्यात एक संप आहे, आणि त्या संपात होरीचा मुलगा गोबर जवळजवळ प्राणास मुकतो, या भागाकडे धर्मगुरू व धर्मशिक्षक यांचे लक्ष क्वचितच गेले आहे. प्रस्तुत लेखात त्या भागाचाच विचार करावयाचा आहे. कारण आपले सोबती फाटकावर उभे असताना आत कामावर जावे की न जावे, हा प्रश्न त्या पानांत जितका उघडा होऊन पुढे येतो, तितका तो आपल्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

कथानक थोडक्यात असे. साखरेवर नवा कर बसतो आणि त्याचे निमित्त करून मालक खन्ना व त्यांचे भागीदार मजुरी कमी करतात. कामगार संप करतात. मिर्झा खुर्शेद व संपादक ओंकारनाथ हे त्यांचे पुढारी होतात. मालक नवी माणसे भरती करतात. जुने व नवे समोरासमोर येतात, मारामारी होते, आणि गोबर रक्तबंबाळ होऊन पडतो.

या प्रसंगात लेखकाची थोरवी कोठे आहे? संपाची बाजू घेणारा सामान्य लेखक नव्या माणसांना फितूर म्हणून रंगवील. मालकाची बाजू घेणारा त्यांना कष्टाळू व शहाणे म्हणून रंगवील. प्रेमचंद दोन्ही करीत नाहीत. आत जाणारी माणसेही बेकारीने होरपळलेली आहेत. हाती आलेली भाकर ती सोडणार नाहीत. आणि बाहेरची माणसे आपल्या ताटातली भाकर जाताना मुकाट पाहणार नाहीत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना भूकच उभी आहे आणि जो भुकेला नाही तो बंगल्यात बसला आहे.

आता याच्या शेजारी आपल्या ख्रिस्तसभेचे लेख ठेवून पाहू. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात संपाकडे मुख्यतः अनिष्ट घटना म्हणून पाहिले, आणि त्याची कारणे आधीच दूर करणे हे राज्यसत्तेचे कर्तव्य मानले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गाउदियुम एत स्पेस’च्या ६८ व्या परिच्छेदात, अखेरचा परंतु आवश्यक असू शकणारा उपाय म्हणून संपाला मान्यता दिली व वाटाघाटी पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले की, योग्य मर्यादेत संप न्याय्य आहे, संपात भाग घेतल्याबद्दल कामगाराला शिक्षा होता कामा नये, आणि समाजाला अत्यावश्यक असलेल्या सेवा चालू राहिल्या पाहिजेत. नव्वद वर्षांत केवढा हा प्रवास! पण संपकरी, मालक आणि शासन यांचा विचार करणाऱ्या या परिच्छेदांत चौथा मनुष्य दिसत नाही. संपकऱ्याच्या जागी कामावर जाणारा तो मनुष्य प्रेमचंदांना दिसला होता.

कोणी म्हणेल, तो पवित्र शास्त्रात आहे. संत मत्तयच्या विसाव्या अध्यायात अकराव्या तासाला द्राक्षमळ्यात जाणारे मजूर आहेत ना? या दाखल्याचा संपाच्या काळात फार दुरुपयोग झाला आहे. कुरकुर करणारे ते संपकरी, आणि मुकाट्याने मिळेल ते घेणारे ते देवाचे लाडके, असा अर्थ लावणारी प्रवचने मी ऐकली आहेत. मूळ मजकूर तसे सांगत नाही. अकराव्या तासाचे मजूर कोणाची जागा घ्यायला गेलेले नाहीत. त्यांना दिवसभर कोणी कामावर लावलेच नव्हते. आणि मळ्याचा धनी बाजारात रिकामे बसलेल्यांना आणतो तो इतरांची मजुरी उतरवण्यासाठी नव्हे; तो त्यांनाही पुरा दिनार देतो. खन्नांची रीत नेमकी उलटी आहे. बेकारांचा उपयोग करून ठरलेली मजुरी खाली आणणाऱ्या मालकाने या दाखल्याचा आधार घ्यावा हे आश्चर्य आहे. त्याने संत याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा. तिथे अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते.

प्रेमचंदांची दुसरी शक्ती पुढाऱ्यांच्या चित्रणात आहे. मिर्झासाहेब दिलदार आहेत, ओंकारनाथ वाक्पटू आहेत. पण संप फसल्यावर खाटेवर पडतो तो गोबर. येथे १९१८ च्या अहमदाबादची आठवण होते. गिरणीमालक वीस टक्के वाढ देत होते, कामगार पस्तीस टक्के मागत होते. मालकांनी टाळेबंदी उठवून वीस टक्के मान्य असणाऱ्यांना दारे उघडली, आणि फाटकातून आत जाणे म्हणजेच वीस टक्के कबूल करणे असा अर्थ झाला. गांधीजींनी संपाच्या आरंभीच कामगारांकडून जी वचने घेतली होती, त्यांत एक असे होते की कामावर जाणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. पण पुढे उपासमार होऊ लागली तेव्हा चाळींतून बोलले गेले की, गांधीजी आणि अनसूयाबेन यांचे काय जाते, ते मोटारीतून येतात, पोटभर जेवतात. हा टोमणा गांधीजींनी मनावर घेतला आणि १५ मार्चला उपोषण आरंभले. तीन दिवसांत तडजोड झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ते इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी आले. पुढे येथील गिरण्यांत जी काँग्रेसप्रणीत संघटना रुजली, तिने वळण घेतले ते अहमदाबादच्याच मजूर महाजनाचे. त्या उपोषणाने मालकांवर दडपण आले, हा दोष गांधीजींनी स्वतः कबूल केला होता. परंतु ‘आत जाऊ नका’ असे सांगणाऱ्याने स्वतः काय सोडले, हा चाळीतला प्रश्न अन्याय्य नव्हता. तो धर्मगुरूलाही विचारता येतो.

येथवर ‘गोदान’ची स्तुती झाली. आता जी उणीव मला जाणवते ती सांगितली पाहिजे. याच कादंबरीत सिलिया व मातादीन यांचे प्रकरण आहे. जातीचा विटाळ एवढ्या निर्भयपणे फार थोड्या भारतीय कादंबऱ्यांत उघडा झाला असेल. पण कथा गावातून शहरात येते आणि कारखान्याच्या फाटकाशी पोहोचते तेव्हा जात जणू वेशीवरच राहते. तिथे केवळ जुने कामगार आणि नवे कामगार आहेत. वास्तवात मात्र फाटकाच्या आतही वेस होती.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला. त्या गिरण्यांच्या विणखात्यात, जिथे पगार अधिक होता, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होईल, असे कारण इतर कामगारच पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाही तर मी त्यांना संपात राहायला सांगणार नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी मनाविरुद्ध स्वीकारली. १९२९ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि आपल्या लोकांना कामावर जाण्याचा सल्ला दिला. फाटक ओलांडा, असे सांगणारा हा मनुष्य मालकांचा हस्तक होता काय? पुढचा इतिहास पाहावा. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू म्हणून दाखवले. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले तेव्हा संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी भूमिका त्यांनी विधिमंडळात घेतली, आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवला. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्या संपाबाहेर राहिले, त्यांच्याच सोबत ते रस्त्यावर उतरले.

मला यात विसंगती दिसत नाही. संपाच्या फळीपुढे थांबण्याचे बंधन हे एका वचनातून येते. आणि ज्या मंडळाने तुला कधी आपला मानला नाही, त्याचे वचन तुझ्या गळ्यात कसे पडेल? गोबरच्या कारखान्यात हा प्रश्न प्रेमचंदांनी विचारला असता तर ती पाने याहून खोल गेली असती. आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे याच विणखात्याच्या दाराबाहेरचे होते. ‘संपफोड्या’ हा शब्द प्रवचनात सैल जिभेने वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

इंदूरच्या अनुभवाने या विचाराला आणखी एक पदर जोडला आहे. मुंबईच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणेच मध्य प्रदेशाच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ ही व्यवस्था आणली. वाटाघाटीचा अधिकार एकाच संघटनेला. फाटकावर उभे असणारे एक आणि कायद्याने बोलणारे दुसरे, असे झाले की साध्या कामगाराने कोणाचे ऐकावे? १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा हीच गाठ सुटली नाही. आमच्याकडे तर १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद पडली. फाटक अडवायला कोणी कामगार उभा नव्हता. ते आतून बंद झाले. थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला, बत्तीस वर्षांनी, आणि तोवर शेकडो कामगार वारले होते. मिलच्या नावाची झांकी मात्र अनंत चतुर्दशीला निघत राहिली. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना, संप म्हणजे कामगारांचा आडमुठेपणा, असे समजावू नये.

मग विचारायला आलेल्या कामगाराला काय सांगावे? माझे मत असे. ज्याने संघटनेत मत दिले, तिची मिळकत खाल्ली, त्याने संप गैरसोयीचा झाला म्हणून आत जाऊ नये. गेला तर वचन मोडतो. संप अन्याय्य वाटत असेल तर ते सभेत उभे राहून सांगावे. ज्याला संघटनेने बाहेर ठेवले त्याला ते बंधन नाही, पण आपल्या जाण्याने कोणाची मजुरी उतरते हे त्याला दाखवून द्यावे. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याला पाप म्हणून काही सांगण्याआधी आपण त्याच्या घरी धान्य पोहोचवावे. आणि ज्याची चूल पेटलेली आहे, त्याला सबब नाही.

या शेवटच्या वर्गात आपण स्वतः बसतो. शाळा व इस्पितळे चालवणारे पुष्कळ धर्मगुरू आज मालकाच्या खुर्चीवर आहेत. परिचारिका किंवा शिक्षक संपावर गेले की धर्मग्रामातील बेकार तरुण-तरुणींची यादी मागितली जाते. अशी यादी तयार करणे हे दानधर्माचे काम आहे, असेही सांगितले जाते. ते खन्नांचे काम आहे. अमेरिकेच्या धर्माध्यक्षांनी १९८६ च्या आपल्या पत्रात म्हटले होते की, ख्रिस्तसभेच्या संस्थांनीही आपल्या कामगारांचा संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क पूर्ण मानला पाहिजे. आपल्या किती संस्थांच्या नियमावलीत हे उतरले आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

अत्यवस्थ रुग्णाला अभ्यंग देण्यासाठी धर्मगुरूला इस्पितळात जावेच लागते, त्याबद्दल वाद नाही. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेचा प्रश्नही याच जातीचा आहे. पण जाताना मागच्या दाराने जाऊ नये. पुढच्या फाटकावर थांबावे, कशासाठी जात आहोत ते उभे असलेल्यांना सांगावे, आणि परतताना पुन्हा त्यांच्यापाशी थांबावे. आणि संप मिटल्यावर, आत गेलेल्याचे कुटुंब व बाहेर राहिलेल्याचे कुटुंब मिस्सेला वेगवेगळ्या बाकांवर बसू लागते, तेव्हा धर्मशिक्षकाचे काम सुरू होते. कारण दोघांची मुले प्रथम ख्रिस्तशरीराच्या तयारीसाठी एकाच वर्गात येत असतात.