सीता, वरठी आणि पडदा

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिरात सीता एकटीच आहे, रामाविना. रामाने टाकलेली सीता इथे बाळंत झाली, दारोदार मूठभर गहू मागत हिंडली. कुणी दिला नाही, म्हणून ‘इथे गहू पिकणार नाही’ असा शाप तिने दिला, अशी कथा लोक सांगतात. संकरित बियाणे आले तेव्हा शाप सुटला, असेही सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराचा जीर्णोद्धार करवला, तो याच टाकलेल्या बाईसाठी.

ही सीता मला सिनेमात कधी भेटली नाही. विजय भट्टांच्या १९४३ च्या ‘रामराज्य’ने सीतात्याग हाच विषय घेतला, हे खरे. पण दोष गेला कुणाकडे? धोब्याकडे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात धोबी नाहीच; तिथे भद्र नावाचा माणूस नगरजनांची कुजबुज रामाच्या कानी घालतो. धोबी मागाहूनच्या कथांतून आला आणि पडद्याने तो पक्का केला. निर्णय राजाचा, पाप मात्र कपडे धुणाऱ्याच्या माथी! आमच्या भागात त्याला वरठी म्हणतात. जत्रेतल्या तंबूत असला सिनेमा पाहून आलेली पोरे वर्गातल्या वरठ्याच्या पोराला ‘तुमच्यामुळेच सीता वनात गेली’ म्हणून छळायची. मी गावकुसाबाहेरचा. तरी मीही हसलो होतो. पडद्याची खरी ताकद मला त्या हसण्यात दिसते.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. लोक संचाला हार घालू लागले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले. त्याच्या परिशिष्टात सीतेशी रामाची वागणूक आणि शंबुकाचा वध यांविषयी रोखठोक प्रश्न आहेत. ते परिशिष्ट वगळा म्हणून गदारोळ झाला. उत्तरादाखल १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. पडद्यावर दर्शन चालते, कागदावर प्रश्न चालत नाही!

रावेरीची कथा या बाबतीत सिनेमापेक्षा प्रामाणिक वाटते. तिथे शाप लागतो तो कणगीत गहू असणाऱ्यांना, वरठ्याला नाही. पण तिलाही मर्यादा आहे. सीता आमच्या वस्तीत मागायला आली होती का, हे ती सांगत नाही. आमच्या घरी गहू कुठला असणार! ज्वारीची भाकर मात्र होती. ती तिने घेतली असती का, हेही कथेत नाही.