रसायनशास्त्राचे मराठी अध्ययनग्रंथ

रसायनशास्त्र आणि त्यावर आधारलेली कृषी, औषधी, औद्योगिक इ. अनुप्रयुक्त शास्त्रे शिकण्या-शिकविण्यासाठी मराठीत झालेल्या ग्रंथरचनेस पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. या ग्रंथांची संख्या अल्प नाही. माहितीच्या दृष्टीनेही ते सामान्यतः विश्वसनीय आहेत. तथापि ज्या पदार्थांचे वर्णन ते करतात, ते पदार्थ प्रत्यक्ष हाताळणाऱ्या वाचकाला ते कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न निराळा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव परिसर हे या कसोटीसाठी योग्य स्थळ होय. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, जुन्या हैदराबाद संस्थान व मुंबई इलाख्यातील खानदेश यांच्या सीमेवर वसलेल्या या भागाने तीन भाषांतील रसायनशास्त्र पाहिले आहे.

मराठीतील आरंभीची रचना संवादरूप होती. १८३० नंतरच्या दशकात हरि केशवजी यांनी इंग्रजीतील संवादात्मक शास्त्रग्रंथ मराठीत आणले. जेन मार्सेट यांच्या ज्या पुस्तकामुळे मायकेल फॅराडे यांना रसायनशास्त्राची गोडी लागली, त्याच वळणाची ही रचना होय. शिष्याने शंका विचारावी आणि गुरूने प्रयोगाच्या आधारे ती फेडावी, ही पद्धत मराठी वाचकाला कीर्तन-पुराणातील प्रश्नोत्तरांमुळे परिचितच होती. पुढे कोल्हापूर येथील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांवर नियमबद्ध पाठ्यग्रंथ लिहिले. त्यांच्या काळापासून ग्रंथाला शिस्त आली. परंतु शिष्याची शंका मात्र पुस्तकातून हद्दपार झाली. हा तोटा आजवर भरून निघालेला नाही.

सोयगाव भागातील विद्यार्थ्याला या ग्रंथांचा लाभ क्वचितच झाला असेल. हैदराबाद संस्थानात प्राथमिक शिक्षणानंतर उर्दू हे प्रमुख माध्यम होते. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली व त्याच्या भाषांतर विभागाने रसायनशास्त्राचे उच्च शिक्षणाचे ग्रंथ उर्दूत सिद्ध केले. आधुनिक भारतीय भाषेत विद्यापीठीय विज्ञानशिक्षण देण्याचा हा पहिला मोठा प्रयोग असून त्याचे महत्त्वाचे वैचारिक केंद्र औरंगाबाद हे होते. परिभाषानिर्मितीवरील वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने १९२१ मध्ये तेथूनच प्रसिद्ध केला. केवळ अरबी धातूंवर विसंबून न राहता उर्दूच्या स्वतःच्या, हिंदी वळणाच्या घटकांतूनही शब्द घडवावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच संस्थेचे सायन्स हे उर्दू नियतकालिक १९२८ मध्ये निघाले. त्याच वर्षी मराठीतील सृष्टिज्ञान मासिकही सुरू झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. या दोन प्रयत्नांनी एकमेकांची फारशी दखल घेतल्याचे दिसत नाही. सीमेपलीकडच्या खानदेशातही माध्यमिक शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ इंग्रजीच असल्याने, मराठी मुलाला मराठीतून रसायनशास्त्र दोन्हीकडे दुर्लभ होते.

१९४८ नंतर उर्दूची परंपरा खंडित झाली. नव्या परिभाषेसाठी मात्र संस्कृतकडे पाहण्यात आले. डॉ. रघुवीर यांनी ऑक्सिजनला ‘जारक’, हायड्रोजनला ‘उदजन’, नायट्रोजनला ‘भूयाति’ अशी नावे योजली. ती व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असूनही रुजली नाहीत. केंद्र शासनाच्या १९६१ मधील परिभाषा आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे कायम ठेवली, हे उचितच झाले. महाराष्ट्रात भाषा संचालनालय (१९६०), पाठ्यपुस्तक मंडळ (१९६७), नागपूरचे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ आणि विश्वकोशाचा परिभाषासंग्रह (१९७३) यांनी हे कार्य पुढे नेले. प्रत्येकाचे परिश्रम मोठे होते. दुर्दैवाने प्रत्येकाची परिभाषा एकच नव्हती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘क्षार’ हा शब्द होय. शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी यांच्या विक्रियेतून पाणी व ‘क्षार’ मिळतात. म्हणजे मीठ हा क्षार आहे. विश्वकोशात मात्र अशा पदार्थाला ‘लवण’ म्हटले असून ‘क्षार’ हा शब्द अल्कलीसाठी, म्हणजे दाहक सोड्यासारख्या पदार्थांसाठी योजिला आहे. आयुर्वेदातील परंपरा विश्वकोशाच्या बाजूची आहे, तर लोकव्यवहार शाळेच्या बाजूचा. कृषिसाहित्यात ‘विम्ल’ हा तिसराच शब्द आढळतो. दहावीपर्यंत शिकलेला वाचक अधिक ज्ञानासाठी कोश उघडतो, तेव्हा आपण शिकलो तेच चुकीचे होते की काय, असा संभ्रम त्याला पडतो. कोशकारांनी याकडे केवळ शुद्धाशुद्धतेचा प्रश्न म्हणून पाहिले, ही त्यांची उणीव मानावी लागेल.

कारण हा वाद केवळ कागदावर राहत नाही. माती परीक्षणाच्या अहवालात सामू आणि क्षारता असे दोन स्वतंत्र रकाने असतात. विद्राव्य क्षार जास्त, पण सामू ८·५ पेक्षा कमी असलेली जमीन खारवट होय. तीत चर काढून, भरपूर पाणी देऊन क्षार निचऱ्यावाटे घालवितात. मातीच्या कणांना सोडियम चिकटून जी घट्ट व निचराहीन बनते, जिचा सामू ८·५ च्या वर जातो, ती चोपण जमीन. तीत जिप्सम मिसळावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व मग सोडियम धुऊन जाते. ‘क्षार’ म्हणजे अल्कली असे समजणारा वाचक पहिल्या जमिनीला दुसरीचा उपाय करील. आणि जिप्सम हाही एक क्षारच असल्याचे शाळेत शिकलेला वाचक तो शेतात टाकण्यास कचरेल. दोघांचेही शिक्षण आपापल्या पुस्तकाप्रमाणे अचूकच झालेले असेल.

खतांच्या बाबतीतही असेच घडते. शाळेत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम शिकलेला विद्यार्थी घरी नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द ऐकतो. नावे जुळविणे अवघड नाही. खरी अडचण पुढे आहे. १०:२६:२६ या खतातील २६ टक्के ‘स्फुरद’ म्हणजे मूलद्रव्य फॉस्फरस नव्हे, तर त्याच्या पेंटॉक्साइडच्या रूपात मांडलेले प्रमाण होय. मूलद्रव्य म्हणून ते सु. ११·३ टक्के भरते. पालाशाचे २६ टक्केही पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात असून पोटॅशियम सु. २१·६ टक्के असते. एकोणिसाव्या शतकातील विश्लेषणपद्धतीचा हा संकेत पोत्यावर टिकून राहिला आहे. रेणुभाराचे गणित शिकविण्यास याहून चांगले उदाहरण कपाशी व केळी पिकविणाऱ्या प्रदेशात सापडणार नाही. तरी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा अशा संयुगांची असतात, जी विद्यार्थ्याने कधी पाहिलेलीही नसतात.

प्रयोगांविषयी हाच आक्षेप घेता येतो. मोरचूद, तुरटी, नवसागर, हिराकस, टाकणखार ही किराणा वा काष्ठौषधींच्या दुकानांतील नावे ग्रंथांत आली तर कंसात येतात, आणि प्रयोग मात्र शिक्षकाने वाचून दाखवावयाचा असतो. बोर्डो मिश्रण तयार करणारा शेतकरी १ किग्रॅ. मोरचूद व १ किग्रॅ. चुना वेगवेगळे भिजवून १०० लि. मिश्रण करतो आणि त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी घालतो. विस्थापन आणि उदासिनीकरण या दोन्ही संकल्पना या एका कृतीत प्रत्यक्ष दिसतात. कृषिपुस्तिकांत ही कृती असते, परंतु तिचे कारण नसते; शालेय ग्रंथात कारण असते, पण विळा नसतो.

दहावीनंतर हा सर्व प्रश्नच नाहीसा होतो, कारण विज्ञान शाखेचे शिक्षण प्रायः इंग्रजीतून चालते व आम्लारी, संयुजा, क्षपण हे शब्द विद्यार्थी मागे टाकतो. शाळा सोडून शेतीत जाणाऱ्यापाशी मात्र सामू, स्फुरद, चोपण हेच शब्द उरतात. प्रौढ जीवनात वापरले जाणारे मराठी रसायनशास्त्र ते एवढेच, आणि नेमके तेच पाठ्यग्रंथांनी आपले मानलेले नाही.

अनुप्रयुक्त रसायनशास्त्राचे एक प्रसिद्ध प्रकरण तर सोयगाव तालुक्यातच घडले. फर्दापूरनजीकच्या अजिंठा लेण्यांत गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि बेसाल्ट खडकात सापडणारी हिरवी माती यांनी रंगविलेली चित्रे आहेत. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटालियन तज्ञ बोलावून ती पक्की करविली. त्या वेळी वापरलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले व चित्रे झाकोळली. ते काढण्यासाठी पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनज्ञांना सेंद्रिय विद्रावक वापरून एकेका भागावर काम करावे लागले. लाख अल्कोहॉलात विरघळते व हवा-प्रकाशाने बदलते, हे कोणत्याही पाठ्यग्रंथात दोन ओळींत सांगता येण्यासारखे आहे. अजिंठ्याचे उदाहरण मात्र मराठी रसायनग्रंथांत अभावानेच आढळते.