त्याग कोणाचा?

येशूच्या दृष्टांतात दहा कुमारी वराची वाट पाहतात. पाचजणींनी तेल बरोबर घेतलेले असते. त्या सिद्ध असतात. ख्रिस्ती धर्मविचारातील ही सिद्धता, आणि तिच्यासाठी मालमत्तेतून मन काढून घेणे, आमच्या वर्धा जिल्ह्यात एका माणसाने प्रत्यक्ष जगून पाहिले. ते म्हणजे जे. सी. कुमारप्पा. त्यांचे १९४५ साली प्रसिद्ध झालेले 'प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस' हे पुस्तक मी पुन्हा वाचले, ते याच जिल्ह्यातला एक दलित वाचक म्हणून.

कुमारप्पा तामिळ ख्रिस्ती. लंडनला शिकून ते मुंबईत हिशेबतपासनीस झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. मग व्यवसाय आणि साहेबी पोशाख, दोन्ही सोडले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पत्करून ते मगनवाडीत राहिले. तिथे रॉकेलऐवजी घाणीच्या तेलावर जळणारा 'मगनदीप' तयार झाला. दृष्टांतातला दिवा त्यांनी असा रोजच्या व्यवहारात आणला.

या पुस्तकाचे बळही तेच आहे. त्यांचा येशू चर्चच्या भिंतीत अडकत नाही. तो श्रमाचा आणि भाकरीचा हिशेब मागतो. श्रीमंत तरुणाला येशूने नुसते 'सोड' म्हटले नव्हते, विकून गरिबांना दे असे सांगितले होते. त्याग कोणाच्या तरी पदरात पडला पाहिजे, ही जाण मला मोलाची वाटते.

परंतु पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न उरतो. ज्याच्या हाती काहीच दिले गेले नाही, त्याने काय सोडायचे? वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात सवर्ण कार्यकर्ते कातडी कमावू लागले, तेव्हा त्याचे त्याग म्हणून कौतुक झाले. त्याआधी, मार्च १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले होते : मृतमांस सोडा, शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडा. तेही सेलिग्मन यांचेच विद्यार्थी. मेलेल्या गुरांना हात लावणे हा एकाचा त्याग ठरतो. जन्माने त्यांच्याशी जखडलेल्याची मुक्ती मात्र त्यांना सोडण्यात असते. गुरू एक, पण गावाकडे पाहण्याच्या जागा दोन. कुमारप्पांना गावात हरवलेले स्थैर्य दिसले. त्या स्थैर्याखाली कोण दबले होते, हे त्यांच्या प्रामाणिक नजरेलाही पुरेसे दिसले नाही.

माझी आजी १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतली आणि देव्हाऱ्यातले देव तिने धाम नदीत सोडले. तिच्याजवळ जमीन नव्हती, दागिना नव्हता. सोडण्यासारखे तेवढेच होते, आणि तेही भयाने धरून ठेवलेले. देव सोडताना तिचा हात कापला, असे ती सांगे. ही सिद्धता नव्हे काय?

त्यागाचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक धर्माने समोरच्याच्या हातात काय आहे, ते आधी पाहावे.