रायबाचं लग्न आलं कुठून? पटकथा, पुरावा आणि दोन सिनॉप्सिस

पीएचडीच्या प्रवेशासाठी जो कागद द्यावा लागतो त्याला आपण सिनॉप्सिस म्हणतो. सिनेमावाले निर्मात्याला जो कागद देतात त्यालाही सिनॉप्सिसच म्हणतात. दोन्हीकडे अडचण एकच: जे काम अजून झालेलंच नाही ते समोरच्याच्या गळी उतरवायचं. मी दोन्ही लिहिलेत. पहिला तीनदा परत आला आणि चौथ्यांदा पास झाला. दुसरा एकदाच परत आला, पण कायमचा. त्याबद्दल पुढे सांगते.

माझा विषय ऐतिहासिक पटकथा. हे सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे सिनेमात काय काय चुकीचं दाखवलंय ते शोधतेस?" खरं सांगू का, पहिल्या वर्षी मी तेच करत होते. वहीभर चुकांची यादी झाली होती. गाईड मॅडमनी ती चाळली आणि विचारलं, "मग? पुढे काय?" पुढे काहीच नव्हतं. "खरं की खोटं" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं. "हा प्रसंग आला कुठून?" असं विचारलं की काम सुरू होतं.

उदाहरण घरचंच घेते. मी पोलादपूरची. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात, त्यांची समाधीही तिथेच. ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी' २०२० च्या जानेवारीत आला, तेव्हा आमच्याकडे तो घरचा सिनेमा असल्यासारखा बघितला गेला. पटकथा प्रकाश कपाडिया आणि ओम राऊत यांची. विकली जाणारी पटकथा कशी बांधतात हे शिकायचं असेल तर ती जरूर बघा, बांधणी पक्की आहे. नायकाच्या घरात मुलाचं लग्न, समोर क्रूर उदयभान, त्याच्या कैदेत कमल नावाची राजपूत स्त्री, तिचा भाऊ जगतसिंह, आणि वर चढायला अशक्य वाटणारा गड. प्रत्येक प्रसंगात कुणाचं तरी काहीतरी पणाला लागलेलं आहे.

आता एकेक धागा मागे ओढा. कोंढाण्याची लढाई १६७० च्या फेब्रुवारीतली. सभासदाची बखर त्यानंतर साधारण पंचवीस वर्षांनी लिहिली गेली, आणि तिच्यात हा सगळा प्रकार थोडक्यात उरकलाय. त्यात रायबाचं लग्न नाही, घोरपडही नाही. या दोन्ही गोष्टी शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात भेटतात. हा पोवाडा अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहात छापलेला आहे. आणि ती कैदेतली कमल? ती ना बखरीतली, ना पोवाड्यातली. ती ह. ना. आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीतली कमलकुमारी. जगतसिंहही तिथलाच. याच कादंबरीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट केला आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी 'सिंहगड' केला.

म्हणजे २०२० च्या प्रेक्षकाने इतिहास म्हणून जे पाहिलं त्यातला बराच भाग शाहिराने आणि कादंबरीकाराने आधीच लिहून ठेवला होता. शाहिरालाही श्रोते जागेवर धरून ठेवायचे होतेच, त्यामुळे लग्न सोडून लढाईला निघालेला बाप त्याला कुणी क्लास न लावता सुचला. माझी तक्रार घोरपडीबद्दल नाही. तक्रार ही की कमलला कादंबरीतून उचलताना तिचं काम तेवढंच ठेवलं: खलनायक किती वाईट आहे ते दाखवायचं. शंभर-सव्वाशे वर्षांत त्या पात्राला नवं काही करायला मिळू नये? यावर मात्र आख्खं प्रकरण लिहिता येतं.

असं उचलणं कायद्याला चालतं का, हेही विचारलं जातं. आपटे १९१९ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा आपला हिशोब, त्यामुळे ती मुदत कधीच संपली. इतिहासावर तर कुणाचीच मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांना कॉपीराइट नाही. तो मांडणीला आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली की अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता एवढा पुरावा मिळतो. तो घ्याच. पण "माझा विषय चोरला" म्हणून तो कामाला येत नाही. (रिसर्चमध्येही तेच. "माझा टॉपिक दुसऱ्याने घेतला" म्हणून रडू नका.)

आता माझ्या परत आलेल्या पटकथेबद्दल. ती महाडवर होती. चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्येही महाड आहे, पण तिथे आख्खं आयुष्य सांगायचं असल्याने महाड हा एक टप्पा ठरतो. मला त्यापुढचं हवं होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली, आणि त्याआधीच काही सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्याचं पाणी घ्यायचं थांबवलं. मग खटला. तो थेट १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात संपला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

तानाजीच्या बाबतीत साधनं मोजकी आणि प्रसंग भरपूर. इथे बरोब्बर उलटं होतं. भाषणं, वृत्तपत्रं, निकालपत्रं, कागदांचा ढीग, आणि क्लायमॅक्स दहा वर्षं लांब. निर्मात्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मार्चमध्ये पाणी प्यायले ना? मग पिक्चर तिथंच संपला की."

मी तेव्हा चिडले. सहा महिन्यांनी स्वतःची पटकथा पुन्हा वाचली तेव्हा कळलं की माणूस निम्मा बरोबर होता. मी कोर्टाच्या तारखा तारखांसारख्याच लिहिल्या होत्या. पुरावा जमवला होता, पण त्यातलं एकही माणूस काही गमावताना दिसत नव्हतं. सत्याग्रहाच्या तयारीने आलेल्या लोकांना आता तळ्याला हात लावायचा नाही असं सांगावं लागलं, ही केवढी मोठी गोष्ट. माझ्या मसुद्यात ती दीड ओळीत होती. शाहीर असता तर तिथेच डफावर थाप देऊन थांबला असता.

निर्माता निम्मा चुकलाही होता. २७ डिसेंबरला मिरवणूक निघाली, तळ्याला फेरी घालून पाण्याला न शिवता परत फिरली. नवा मसुदा मी तिथून सुरू केलाय. पहिल्या पानावर एक बाई पाण्याच्या इतक्या जवळून चालतेय की वाकली तर ओंजळ भरेल. ती बाई कुठल्याही कागदात नाही. ती मी घातलीय, आणि समासात तसं लिहूनही ठेवलंय.