कॅरोलिन कीन नावाची कुणीही नव्हती

१९८० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर आल्या. एक ८७ वर्षांच्या हॅरिएट स्ट्रॅटमायर अ‍ॅडम्स, न्यू जर्सीतल्या, मुलांची पुस्तकं तयार करून घेणाऱ्या एका पेढीच्या मालकीण. दुसऱ्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातल्या वार्ताहर, पंच्याहत्तरीला टेकलेल्या. मिल्ड्रेडबाईंना पाहून हॅरिएटबाईंच्या तोंडून निघून गेलं, की मला वाटलं तुम्ही वारलात! खटला खरं तर प्रकाशकांचा होता. नॅन्सी ड्रू आणि हार्डी बॉईज या मुलांच्या रहस्यकथांच्या मालिका म्हणजे दुभत्या गाई; त्या कुणाच्या दावणीला बांधायच्या, एवढाच वाद. पण साक्षीपुराव्यात वेगळंच बाहेर आलं. नॅन्सी ड्रूची पुस्तकं आपणच लिहिली, असं हॅरिएटबाई मुलाखतींतून सांगत आल्या होत्या. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ लिहिली होती समोर बसलेल्या त्या वार्ताहर बाईंनी. मुखपृष्ठावर ज्या कॅरोलिन कीनचं नाव होतं, ती तर जन्मालाच आली नव्हती.

ही हकिगत आता बऱ्याच जणांना माहीत आहे आणि बहुतेक वेळा ती अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. अन्याय होताच. मला मात्र त्यातल्या कारागिरीबद्दल बोलायचंय. एका नावाखाली अनेकांनी लिहिलेल्या या रहस्यकथा पुस्तकं म्हणून कशा आहेत, आणि त्यात चांगलं जे काही आहे ते आलं कुठून?

पेढीचा संस्थापक, हॅरिएटबाईंचा बाप एडवर्ड स्ट्रॅटमायर (१८६२–१९३०) स्वतः याच धंद्यात तयार झालेला. निक कार्टरसारख्या सामाईक नावाखाली त्यानं लिहिलं. होरेशिओ अल्जर हा लोकप्रिय लेखक १८९९ मध्ये वारला, तेव्हा त्याची ‘अपुरी’ पुस्तकं यानंच ‘पुरी’ केली. म्हणजे लेखक मेला तरी नाव कमावत राहतं, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. १९०५च्या सुमारास त्यानं स्वतःची पेढी काढली. दोनतीन पानांचा कथेचा आराखडा तो लिहायचा, आणि मग तो आराखडा एखाद्या गरजू पत्रकाराकडे जायचा. पत्रकार काही आठवड्यांत पुस्तक टाइप करून पाठवायचा, उक्ती रक्कम घ्यायचा आणि हक्कसोड लिहून द्यायचा. नाव नाही, रॉयल्टी नाही, आणि कुठं बोलायचंही नाही. बॉब्सी ट्विन्सची लॉरा ली होप, टॉम स्विफ्टचा व्हिक्टर अ‍ॅपलटन, हार्डी बॉईजचा फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन, सगळे याच टाकसाळीतले.

आपल्याकडे नाममुद्रेची परंपरा आहे. नामदेवांच्या गाथेत मागाहून आलेल्या विष्णुदास नाम्याची रचना मिसळली आणि ती वेगळी काढता काढता संशोधक थकले. पण ‘नामा म्हणे’ म्हणताना कुणी पावतीवर सही करत नव्हतं. न्यू जर्सीत नावाचा लोप १२५ डॉलरला व्हायचा. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरायला माझी जीभ रेटत नाही.

पेढीचं तंत्र मात्र पक्कं होतं, हे मान्य करायला हवं. नव्या मालिकेची पहिली तीन पुस्तकं एकदमच बाजारात टाकायची, म्हणजे एक वाचलं की दुसरं हाताशी. नॅन्सीची तीन पुस्तकं २८ एप्रिल १९३०ला आली आणि बाराच दिवसांनी स्ट्रॅटमायर गेला. प्रकरण संपतं ते कुणीतरी खड्ड्यात पडताना, नाहीतर मागून पावलं वाजताना. सुरुवातीच्या पानांतच मागच्या पुस्तकांची उजळणी येते आणि शेवटाला पुढच्याची जाहिरात. नायक वयानं वाढत नाहीत, लग्न करत नाहीत. हा सांगाडा इतका मजबूत आहे, की त्यात कुणीही मांस भरलं तरी तो चालतो. मालकाचा विश्वासही तोच होता, की लेखक बदलला तर वाचणाऱ्या पोराला कळत नाही.

कळतं, असं माझं म्हणणं आहे. नाव सांगता येत नाही, पण कळतं.

लेस्ली मॅकफार्लेनचं पाहा. हा कॅनडाचा, उत्तर ऑन्टॅरिओतल्या हेलीबरी गावात वाढलेला. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात नोकरी करताना जाहिरात वाचून तो पेढीला चिकटला. हार्डी बॉईजची पहिली सोळा आणि नंतरची काही पुस्तकं त्याची. या कामाचा त्याला कंटाळा होता. दैनंदिनीत तो त्यावर करवादतो आणि घरखर्चासाठी पुन्हा टाइपरायटरशी बसतो. पण १९७६च्या आत्मचरित्रात तो सांगतो, की हार्डी बॉईज हाती आल्यावर त्यानं ठरवलं, पैसे तेवढेच मिळाले तरी हे जरा नीट लिहायचं. आराखड्यात नसलेल्या गोष्टी त्यानं घातल्या. पोरांना पोटभर जेवू घातलं. कडक जिभेची गर्ट्रूड आत्या अशी रंगवली, की चोरांपेक्षा तिचाच धाक वाटावा. आणि पोलिसांची यथेच्छ टर उडवली. ‘द टॉवर ट्रेझर’ या १९२७च्या पहिल्याच पुस्तकात इस्पितळातल्या एका गुन्हेगाराचा जबाब घ्यायला पोलीसप्रमुख कॉलिग गाडी पकडायला निघालेला असतो. त्याच्या आधी आपले वडील तिथं पोचावेत म्हणून पोरं रोको नावाच्या फळवाल्याच्या गाड्याशी एक खोका ठेवतात. खोक्यात टिकटिक करणारं गजराचं घड्याळ. बाँब, बाँब म्हणून बोंब उठते, कायद्याचे रखवालदार खोक्याभोवती नाचत राहतात आणि गाडी सुटते. हा विनोद कुठल्या आराखड्यात मावत नाही. तो लिहिणाऱ्या माणसाच्या स्वभावातून येतो.

मिल्ड्रेडबाईंचंही तेच. आयोवातल्या लाडोरा नावाच्या खेड्यातली ही मुलगी १९२७ मध्ये आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची एम.ए. झाली. तो मान मिळवणारी तिथली ती पहिली. तिनं घडवलेली सोळा वर्षांची नॅन्सी निळी गाडी स्वतः चालवते, मोठ्यांना उलट उत्तरं देते, कुणाची परवानगी मागत नाही. हे पोर फारच फटकळ आहे, असं स्ट्रॅटमायरचं मत पडलं होतं, ही मिल्ड्रेडबाईंचीच आठवण. मंदीत पेढीनं रक्कम ७५ डॉलरवर आणली, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि मालिकेतली आठ ते दहा क्रमांकांची पुस्तकं वॉल्टर कॅरिग यानं लिहिली. मग त्या परत आल्या. स्वतःच्या नावानं त्यांनी पेनी पार्करची मालिका लिहिली, म्हातारपणी विमान उडवलं, मध्य अमेरिकेतले माया अवशेष पाहिले. नॅन्सीचा बेडरपणा उसना नव्हता.

१९५९ पासून हॅरिएटबाईंनी जुनी पुस्तकं दुरुस्त करायला घेतली. कारण रास्त होतं. जुन्या पुस्तकांत वंशद्वेष भरलेला होता, आणि पालकांच्या तक्रारी येत होत्या. ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ या नॅन्सीच्या पहिल्या पुस्तकातला सरोवरकाठच्या बंगल्याचा राखणदार जेफ टकर मुळात कृष्णवर्णीय, दारू प्यायलेला, बोलीची थट्टा होईल असा बोलणारा. वाचताना आज अंगावर काटा येतो. पण दुरुस्ती काय झाली? जेफ टकर गोरा झाला. कृष्णवर्णीय माणसाला माणूस म्हणून लिहिण्याऐवजी त्याला पुस्तकातूनच काढून टाकलं. मूळ पुस्तकाची सुरुवात नॅन्सी आणि वडील यांच्या मृत्युपत्राबद्दलच्या बोलण्यानं होते. नव्यात ती अठरा वर्षांची झाली आहे आणि आल्या आल्या पुलावरून पडलेल्या एका लहान मुलीला वाचवते. पंचवीस प्रकरणांची वीस झाली. काही पुस्तकांचं तर फक्त नाव राहिलं आणि गोष्ट सगळीच नवी आली. पोलिसांची टिंगल गेली, वर्णनं गेली, फटकळपणा गेला. वेग वाढला आणि चव गेली.

हॅरिएटबाईंना खलनायिका करणं सोपं आहे. ते मला पटत नाही. ज्या काळात बाईनं कचेरी चालवणं विचित्र वाटायचं, त्या काळात त्यांनी बापामागे पेढी पन्नास वर्षं तगवली, पुढची बरीच नॅन्सी स्वतः लिहिली. चूक इतकीच, की सांगाडा म्हणजेच पुस्तक असं त्यांनी मानलं. त्यांच्या काळात आराखडे लांबत गेले, आणि आराखडा जितका लांब तितकी लिहिणाऱ्याला जागा कमी.

१९८४ मध्ये पेढी सायमन अँड शुस्टरनं विकत घेतली. पुढच्या मालिका भराभर आल्या आणि भराभर विसरल्या गेल्या. नॅन्सीची मूळ मालिका २००३ मध्ये १७५व्या पुस्तकावर थांबली, मग नव्या नावांनी चालू राहिली. त्यातली दहाबारा मी चाळली. वाक्यं स्वच्छ आहेत, मोबाइल आहेत, आणि एकाही पानावर लिहिणाऱ्याचा हात दिसत नाही. दुसरीकडे, आज इंग्रजीत ‘वॉरियर्स’ची एरिन हंटर किंवा ‘रेनबो मॅजिक’ची डेझी मेडोज ही नावंही सामाईकच आहेत. पण ते उघड आहे आणि आतल्या पानावर त्या पुस्तकाच्या खऱ्या लेखिकेचे आभार छापलेले असतात. मुलांचा त्यानं काही रसभंग झाल्याचं दिसत नाही.

मराठीत हा कारखाना रुजला नाही. बाबुराव अर्नाळकर हे टोपणनावच, पण त्यामागे एकच माणूस होता आणि त्यानं एकट्यानं हजारावर पुस्तकं लिहिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही त्यांच्याबरोबरच थांबला. तरी नॅन्सी आणि हार्डी आपल्या घरांत आले ते इंग्रजी माध्यमाच्या पोरांबरोबर, भाड्याच्या वाचनालयांतून आणि फुटपाथवरच्या ढिगांतून. मीही ती तशीच वाचली, बहुतेक सगळी दुरुस्त आवृत्तीतली. मूळ नॅन्सी पहिल्यांदा हाती आली तेव्हा ही ती मुलगीच नव्हे, असं वाटलं होतं.

मूळ पाठ १९९१ पासून अ‍ॅपलवूड बुक्सनं जसेच्या तसे पुन्हा छापले. मिल्ड्रेडबाईंना आयोवा विद्यापीठानं १९९३ मध्ये नॅन्सी ड्रू परिषदेत सन्मानानं बोलावलं. २८ मे २००२ला वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या, तोवर टोलेडोच्या ‘ब्लेड’मध्ये सदर लिहीत होत्या.

तुमच्या माळ्यावर किंवा रद्दीवाल्याकडे नॅन्सी ड्रूचं सुरुवातीच्या क्रमांकांपैकी एखादं जुनं पुस्तक सापडलं, तर मुखपृष्ठावरच्या नावाकडे पाहू नका. अनुक्रमणिका उघडा आणि प्रकरणं मोजा. पंचवीस भरली, तर घरी घेऊन या.