‘दुर्गम’ कोणाला? : डोंगरातील रहस्यकथा आणि वाचकांचे अभिप्राय

रहस्यकथेविषयी मराठी समीक्षेने आजवर जे मौन पाळले आहे, ते या वाङ्मयप्रकाराच्या प्रसाराशी सर्वथा विसंगत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत वाचल्या गेल्या. गुरुनाथ नाईकांचे लेखनही जवळजवळ त्याच मापाचे आहे. तथापि या ग्रंथसंभाराचे मूल्यमापन झाले ते प्रायः समीक्षकांकडून नव्हे, तर वाचकांकडून. जळगावचे व. वा. वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय यांसारख्या संस्थांनी खानदेशात जो वाचकवर्ग घडवला, त्याचे अभिप्राय देवघेवीच्या मेजापाशी उच्चारले गेले आणि तेथेच विरून गेले. हे अभिप्राय हीन अभिरुचीचे म्हणून टाकून देणे जितके सोपे, तितकेच ‘लोकांचे मत’ म्हणून ते शिरोधार्य मानणेही सोपे आहे. या दोन्ही सोप्या वाटा सोडून त्यांची भाषिक चिकित्सा केली, तर काय हाती लागते, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी दूरच्या पर्वतप्रदेशात घडणारी गुन्ह्याची कथा हा एकच उपप्रकार विचारात घेणे सोयीचे होईल. कारण सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाला ‘दूरचा पर्वत’ ही कल्पना सहजासहजी मान्य होण्यासारखी नाही.

अशा कथेविषयी ऐकू येणारे अभिप्राय स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला कथेच्या गतीविषयी : ‘पुस्तक खाली ठेववत नाही.’ दुसरा शेवटाविषयी : ‘गुन्हेगार कोण, ते आधीच कळले होते’ किंवा ‘शेवटपर्यंत कळले नाही.’ तिसरा वातावरणाविषयी : ‘तो डोंगराळ मुलूख अगदी खरा वाटतो.’ यांपैकी पहिल्या विधानाची रचना लक्षणीय आहे. ‘ठेववत नाही’ हे शक्यतावाचक रूप आहे. त्यात वाचक हा क्रियेचा स्वतंत्र कर्ता न राहता आपल्या असमर्थतेची कबुली देतो. म्हणजे वरकरणी ग्रंथाविषयी असलेले हे विधान वस्तुतः वाचकाविषयी आहे. दुसरे विधान तर उघडच वाचकाच्या चातुर्याविषयीचे आहे. ग्रंथाबाहेरील जगाविषयी काही प्रतिपादन करणारे विधान एकच, ते तिसरे. म्हणूनच त्याची तपासणी अधिक कठोरपणे व्हावयास हवी. परंतु व्यवहारात याच विधानाला कोणी हरकत घेत नाही. शेवटावर तावातावाने वाद घालणारे वाचक ‘मुलूख खरा वाटतो’ या वाक्यावर मात्र एकमताने मान डोलावतात.

हा खरेपणा कशाच्या आधारावर वाटतो? ज्याने तो मुलूख पाहिलेला नाही, त्याला तो खरा वाटतो याचा अर्थ एवढाच की, त्या मुलखाविषयी त्याच्या मनात आधीच असलेल्या चित्राशी कथेतील चित्र जुळते. या पूर्वचित्राची किल्ली ‘दुर्गम’ या विशेषणात आहे. ‘दुर्’ हा उपसर्ग आणि ‘गम्’ हा धातू : जेथे जाणे कठीण, ते दुर्गम. पण जाणारा कोण, हे या शब्दात सांगितलेले नाही. जाण्याच्या क्रियेचा कर्ता येथे अध्याहृत आहे आणि तो नेहमी सपाटीवरचा माणूस असतो. अक्राणीच्या पाड्यावर राहणाऱ्या पावरा शेतकऱ्याला आपले घर दुर्गम नसते. त्याच्या दृष्टीने दुर्गम असते ते जिल्ह्याचे रुग्णालय किंवा कचेरी. विशेषण डोंगराला लावले जाते, वर्णन मात्र वर्णन करणाऱ्याच्या स्थानाचे होते. ‘निर्मनुष्य’, ‘अज्ञात’, ‘अनोळखी’ ही रहस्यकथेतील इतर आवडती विशेषणेही याच जातीची आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो न्याय्य आहे. रहस्यकथेला एकांत लागतो. संशयितांची संख्या मर्यादित असावी, पोलिसांची मदत तात्काळ मिळू नये, रस्ता खचावा, निरोप पोहोचू नये, ही या प्रकाराच्या रचनेची गरज आहे; ती जशी बेटाने, आगगाडीच्या डब्याने किंवा जुन्या वाड्याने भागते, तशीच डोंगराने भागते. एवढ्यासाठी लेखकाने डोंगर निवडला, तर त्यात दोष नाही. परंतु एकांत आणि अमानुषता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली रचनेची सोय आहे, दुसरी एका मुलखाविषयी दिलेला निवाडा आहे. वाचकाच्या ‘भयाण वातावरण’ या अभिप्रायात या दोहोंची सरमिसळ होते आणि गुन्ह्याचा काही अंश नकळत त्या भूमीच्या व तेथील माणसांच्या माथी मारला जातो.

सत्यजित राय यांची ‘गँगटोके गंडगोल’ ही फेलूदा कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९७० मध्ये ती ‘देश’ या बंगाली नियतकालिकात आली. त्या वेळी सिक्कीम भारतात विलीन झालेले नव्हते, ते विलीनीकरण १९७५ चे. अशोक जैन यांनी तिचा ‘गंगटोकमधील गडबड’ हा मराठी अनुवाद केला. शीर्षकातील ‘ग’काराचा अनुप्रास अनुवादकाने राखला आहे आणि ‘गडबड’ या घरगुती शब्दाने कथेची पातळीही अचूक सुचवली आहे. येथे धुके आहे, पाऊस आहे, जळवा आहेत, मठ आहेत. वातावरणप्रिय वाचकाला हवे ते सर्व आहे. शेलवणकर नावाच्या माणसाचा मृत्यू डोंगरावरून कोसळलेल्या शिळेमुळे झाला, असे प्रथम समजले जाते. म्हणजे आरंभीचा संशयित साक्षात डोंगर आहे. पुढे मृतात्म्यांशी संवाद साधणारा डॉ. वैद्य अवतरतो आणि गूढतेत भर पडते. रहस्य उलगडते तेव्हा कळते की, खून करणारा शेलवणकरचाच व्यवसायातील भागीदार शशधर बोस आहे आणि डॉ. वैद्य हा त्यानेच घेतलेला वेष आहे.

या रचनेचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे. गुन्हा डोंगरात उपजलेला नाही. तो शहरातून जीपमध्ये बसून वर आला. इतकेच नव्हे, तर डोंगराची जी गूढता वाचकाला ‘खरी’ वाटत होती, तिचा मोठा भाग गुन्हेगाराने स्वतःच्या सोयीसाठी रचलेला होता. वातावरणावर भाळलेला वाचक आणि वैद्याच्या बतावणीवर विश्वास ठेवणारी पात्रे एकाच पंक्तीत बसतात. कथेचा हा मर्मभाग ‘सिक्कीमचे वातावरण छान उतरले आहे’ या अभिप्रायातून संपूर्णपणे निसटतो.

याच्या उलट उदाहरण कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) या कादंबरीचे घेता येईल. तेथे डोंगराच्या जागी अंदमानचे बेट आहे. विषारी काटा फुंकून बार्थोलोम्यू शोल्टोचा जीव घेणारा टोंगा हा त्या बेटाचा रहिवासी. आणि तो असा का, याचा खुलासा शेरलॉक होम्स गॅझेटियरचा खंड उघडून, त्यातील जमातीचे वर्णन वाचून करतो. येथे पुराव्याचे काम व्यक्तीच्या कृतीऐवजी जमातीच्या वर्णनाने केले आहे. तर्कशुद्धतेची मूर्ती म्हणून गाजलेल्या नायकाकडून झालेली ही तर्काची फसवणूक त्या काळच्या वाचकाला खटकण्याचे कारण नव्हते. हिंदुस्थानात १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच तर्क राज्यकारभारात रूढ केला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वाचकांच्या भाषेतून तो तर्क त्याच वर्षी रद्द झाला, असे मात्र म्हणता येत नाही.

खानदेशाला हा प्रश्न परका नाही. सेंधवा घाटाच्या रखवालीवर असलेला आणि १८५७ मध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेला खाज्या नाईक एका दप्तरात दरोडेखोर ठरतो, तर दुसऱ्या इतिहासात क्रांतिवीर. माणूस एक, घाट एक. नाम बदलले की कथेचा प्रकारच बदलतो. सातपुड्यातील काल्पनिक गुन्हेगार रंगवणारा लेखक आणि त्याला ‘खरा वाटतो’ अशी पावती देणारा वाचक, दोघेही या दोन नामांपैकी एकाची निवड करीत असतात, जाणीवपूर्वक असो वा नसो.

किंबहुना गुन्हा आणि डोंगर यांची सांगड घालणारी एक कथा या प्रदेशात रहस्यकथेच्या पुष्कळ आधीपासून नांदत आहे. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात अस्तंभा हे सुमारे तेराशे मीटर उंचीचे शिखर आहे. ते अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते आणि दरवर्षी दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातून भाविक तेथे पायी चढून जातात. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील रात्रीच्या हत्याकांडाचा हा कर्ता. येथे ‘कोणी केले?’ हे कोडे नाही. गुन्हेगार पहिल्यापासून ठाऊक आहे. तो कुरुक्षेत्राच्या सपाटीवर गुन्हा करून डोंगरात आलेला आहे, डोंगराने त्याला घडवलेला नाही. कपाळीच्या जखमेसाठी तो तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी समजूत आहे. ज्या शिखराला छापील कथा निःशंकपणे ‘दुर्गम’ म्हणेल, तेथे दरसाल यात्रा भरते, आणि तेथील अपराधी इतरांना मार्गावर आणतो. लोकमानसाने अपराध आणि भूमी यांचे जे पृथक्करण केले आहे, ते अनेक छापील कथांना साधलेले नाही.

याचा अर्थ स्थानिक वाचकाचे प्रत्येक मत ग्राह्य मानावे, असा नव्हे. ‘तोरणमाळच्या रस्त्याला इतकी वळणे नाहीत’ अशा स्वरूपाच्या हरकती नकाशाच्या आहेत, वाङ्मयाच्या नाहीत. कल्पित कथा म्हणजे प्रवासमार्गदर्शिका नव्हे. पायथ्याशी राहणारा वाचकही डोंगरावरचा वाचक नसतो, हे विसरून चालणार नाही. रावेर-यावलच्या शेतातून सातपुडा रोज दिसतो. पण दिसणे आणि तेथे राहणे यांत अंतर आहे. लेवा बोली किंवा अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडीही ‘तिकडची माणसे’ हा शब्दप्रयोग सहज येतो. त्यातील ‘तिकडे’ हे ‘दुर्गम’चेच बोलीतील भावंड होय.

विद्यापीठीय अभ्यासाला या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत आज पायथ्याचे आणि डोंगरावरचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. तेव्हा ‘मुलूख खरा वाटतो’ हे विधान ज्याच्या मुलखाविषयी केले जाते, तो ते ऐकण्यास समोर हजर असतो. लोकप्रिय वाङ्मयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने वाचकांचे अभिप्राय गोळा करताना पुस्तक आवडले की नाही, एवढ्यावर थांबू नये. मुलूख दुर्गम वाटला तो कोणाला, गुन्हा कथेत कोठून आला, आणि खरेपणाची साक्ष देणाऱ्याने तो मुलूख कोठून पाहिला आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक अभिप्रायाला विचारावेत. या कसोटीवर काही गाजलेल्या कथा उणावतील, आणि ‘गंगटोकमधील गडबड’सारखी किशोरवाचकांची म्हणून बाजूला ठेवलेली एखादी कथा प्रौढ समीक्षेचा विषय ठरेल.