दौत, डोह आणि घडविणारा हात

मूकपटांच्या काळात जिवंत नट आणि रेखाटलेले पात्र यांना एकाच चौकटीत आणणाऱ्या लघुपटांकडे तांत्रिक करामत म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः मॅक्स फ्लायशरच्या ‘आउट ऑफ द इंकवेल’ (१९१८ पासून) या मालिकेत घडविणे हाच आशय आहे. चित्रकाराचा हात दिसतो, दौतीतून विदूषक निघतो, निर्मात्याशीच भांडतो आणि दौतीत परततो. त्याची चाल मात्र मॅक्सचा भाऊ डेव्ह याची; विदूषकाच्या वेषातील त्याच्या चित्रणावरून रेषा गिरविलेली.

दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) मध्ये काड्यांना चलन दिले. तो लघुपट आज उपलब्ध नाही. परंतु फ्लायशरशी त्यांचे खरे साम्य ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी आढळते. सात वर्षांची मंदाकिनी प्रथम केवळ मुलगी म्हणून निरनिराळे हावभाव दाखविते. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. आधी घडण, नंतर भ्रम. पौराणिक चित्रपटांचा प्रेक्षक भाविक, म्हणून भाबडा, हे समीक्षेचे लाडके गृहीतक येथे कोसळते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात साचे, माती, डोळ्यांची आखणी हे सारे उघड्यावर चालते. ते पाहिलेला माणूसही घरी तीच मूर्ती पूजतो. घडण पाहिल्याने श्रद्धा ढळत नाही.

भेद आहे तो निर्मात्याशी असलेल्या नात्यात. फ्लायशरचा विदूषक बंडखोर आहे. मंदाकिनी मात्र बापाच्या कॅमेऱ्यासमोर निमूटपणे देव होते, आणि ही आज्ञाधारकता समीक्षेला अजून प्रश्न वाटलेली नाही.